कुराण अनादी की निर्मित?

कुराण ही अल्लाहची वाणी आहे, याविषयी मुसलमानांत कधी दुमत नव्हते. वाद झाला तो त्यापुढच्या प्रश्नावर. ही वाणी अल्लाहइतकीच अनादी आहे, की आकाश, पृथ्वी आणि माणूस यांच्याप्रमाणे तीही त्याने केव्हातरी निर्माण केली? इसवी सनाच्या आठव्या शतकात हा प्रश्न मूठभर विद्वानांच्या बैठकीत चर्चिला जात होता. नवव्या शतकात त्याच्या उत्तरावर काझींच्या नेमणुका ठरू लागल्या आणि नको ते उत्तर देणारे तुरुंगात पडले. काहींनी प्राणही गमावले. केवळ तर्काचा खेळ वाटावा असा हा वाद आहे. पण धर्माच्या नावाने बोलण्याचा अधिकार राज्यकर्त्याचा की विद्वानांचा, हा इस्लामी संस्कृतीच्या मुळाशी असलेला प्रश्न याच वादातून निकाली निघाला. म्हणून त्याची सुरुवात थेट मक्केपासून पाहावी लागते.

हिजाझमधील मक्का हे व्यापाराचे आणि यात्रेचे शहर होते. काबागृहामुळे आसपासच्या टोळ्या तेथे येत आणि कुरैश कुळ या वर्दळीवर सधन झाले होते. याच कुळात इ. स. ५७० च्या सुमारास मुहंमद पैगंबरांचा जन्म झाला. परंपरेनुसार ६१० च्या आसपास हिरा गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला आणि पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, प्रसंगाप्रसंगाने वचने अवतरत राहिली. एकाच देवाची भक्ती, अनाथ आणि दरिद्री यांच्याविषयीचे कर्तव्य आणि अंतिम न्यायाचा दिवस हे त्यांतले आरंभीचे विषय होते. मक्केतील विरोधामुळे ६२२ मध्ये पैगंबर अनुयायांसह मदिनेला गेले. या हिजरतीपासून इस्लामी कालगणना सुरू होते, आणि ते योग्यच आहे. कारण रक्ताच्या नात्याऐवजी श्रद्धेवर उभा असलेला समाज प्रथम मदिनेत आकाराला आला. ६३० मध्ये मक्का त्यांच्या हाती आली आणि ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाले.

अवतरलेली वचने लोकांनी मुखोद्गत केली होती. काही खजुराच्या देठांवर, चामड्यावर, हाडांवर लिहिली गेली होती. तिसरे खलिफा उस्मान (६४४–६५६) यांच्या काळात त्यांची एक प्रमाण संहिता सिद्ध झाली आणि तिच्या प्रती प्रमुख शहरांत पाठवण्यात आल्या. समाजाजवळ आता ग्रंथ होता, पण त्याचा अर्थ सांगणारे पैगंबर नव्हते. खलिफा हा सत्तेचा वारस होता यात शंका नव्हती. ज्ञानाचा वारस कोण, हे मात्र कोणी ठरवलेले नव्हते.

यानंतरचा राज्यविस्तार विलक्षण वेगाने झाला. बायझंटिन आणि सासानी ही दोन साम्राज्ये ६०२ ते ६२८ या दीर्घ युद्धात परस्परांना थकवून बसली होती. ६३६ मध्ये यरमूकच्या लढाईने सीरिया अरबांना मोकळा झाला, कादिसियाच्या विजयाने इराक मिळाला आणि ६४२ मध्ये नहावंदच्या पराभवाने इराणचा प्रतिकार मोडला. इजिप्तही त्याच सुमारास ताब्यात आला. ७११–१२ मध्ये अरब सेना एकीकडे स्पेनमध्ये, तर दुसरीकडे सिंधमध्ये पोहोचल्या होत्या. तथापि राज्याचा विस्तार आणि धर्माचा प्रसार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळे या काळाविषयी बरेच गैरसमज झाले आहेत. अरब सैन्य बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या छावणी-शहरांत वेगळे राहत असे आणि त्याला दिवाण या नोंदवहीप्रमाणे वेतन मिळे. जिंकलेल्या प्रदेशातले ख्रिस्ती, ज्यू, झरतुष्ट्री जिझिया हा कर भरून आपापला धर्म पाळत. त्यांनी धर्म बदलला तर महसूल घटत असे, म्हणून सत्ताधाऱ्यांना धर्मांतराची फारशी उत्सुकता नव्हती. इराकचा सुभेदार हज्जाज याने तर मुसलमान होऊन शहरात आलेल्या शेतकऱ्यांना पुन्हा गावी हाकलले. दुसरा उमर (७१७–७२०) या उमय्या घराण्यातल्या खलिफाने नवमुसलमानांकडून जिझिया घेऊ नये असा हुकूम काढला, तो या पार्श्वभूमीवर. सीरिया, इजिप्त, इराण येथे मुसलमान बहुसंख्य होण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

या नवमुसलमानांना ‘मवाली’ म्हणत आणि अरब टोळ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या या लोकांना दुय्यम वागणूक मिळे. विद्येच्या क्षेत्रात मात्र त्यांनीच आघाडी घेतली. बसऱ्याचे थोर धर्मोपदेशक हसन बसरी (मृत्यू ७२८) हे युद्धकैदी म्हणून आणलेल्या इराकी-इराणी कुटुंबातले होते. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ रचणारा सीबवैह हा इराणी होता. हनफी संप्रदायाचे प्रवर्तक अबू हनीफा हेही अरबेतर वंशाचे. टोळीचा मान जन्माने मिळत असे, विद्येचा मान मात्र कोणालाही कमावता येत असे. विजेत्यांची भाषा आत्मसात करून तिचेच नियम त्यांना समजावून सांगणाऱ्या या लोकांनी नव्या धर्माला प्रश्न विचारण्याची सवय लावली.

पहिले प्रश्न रक्तपातातून आले. उस्मान यांचा खून, मग ६५७ मध्ये सिफ्फीन येथे चौथे खलिफा अली आणि उमय्या घराण्याचे मुआविया यांची लढाई, ६८० मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू हुसैन यांची हत्या. मुसलमानांनीच मुसलमानांना मारले, तेव्हा महापातक करणारा माणूस मुसलमान उरतो की नाही? खारिजी पंथाने स्पष्ट नकार दिला. मुर्जिआ पंथाने हा निवाडा ईश्वरावर सोपवला. आणखी एक प्रश्न याहून टोकदार होता. उमय्या राजांच्या समर्थकांचे म्हणणे असे की सत्ता ईश्वरेच्छेने मिळते. तसे असेल, तर जुलूमही ईश्वरेच्छेनेच होतो काय? माणूस आपल्या कृत्यांचा स्वतः कर्ता आहे, असे म्हणणाऱ्यांना कदरी म्हणत. त्यांच्यातील दमास्कसच्या गैलानला खलिफा हिशामच्या कारकिर्दीत ठार करण्यात आले. कर्मस्वातंत्र्याचा सिद्धान्त राजद्रोहासारखा वाटावा, असे ते दिवस होते.

दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती शेजाऱ्यांशी वाद चालू होता. खलिफा अब्द अल्-मलिकने जेरुसलेममध्ये ६९१–९२ साली पुरी केलेली घुमटाची वास्तू, म्हणजे कुब्बत अस्-सख्रा, आजही उभी आहे. तिच्यावरील लेखात ईश्वर एकच असून त्याला पुत्र नाही हे ठासून सांगितले आहे. त्याच खलिफाने नाण्यांवरची चित्रे काढून केवळ अरबी अक्षरे आणली आणि राज्यकारभाराची भाषा अरबी केली. दमास्कसचा योहान हा ख्रिस्ती धर्मपंडित याच उमय्या दरबाराच्या सेवेत असलेल्या घराण्यातला. कुराणात ईसांना, म्हणजे येशूंना, ईश्वराचा शब्द म्हटले आहे, हे त्याने हेरले आणि त्यावरून मुसलमानांना पेचात पकडण्याची युक्ती मांडली. हा शब्द ईश्वरापासून कधी वेगळा होता काय? नव्हता म्हणाल तर ईसा अनादी ठरतात. होता म्हणाल तर ईश्वर एकेकाळी शब्दहीन होता असे म्हणावे लागते. या पेचातून सुटण्याची एक वाट म्हणजे ईश्वराची वाणी निर्मित आहे असे मानणे. कुराण निर्मित आहे हे मत परंपरेने जअद इब्न दिर्हम या विचारवंताच्या नावावर सांगितले जाते. त्यालाही उमय्या काळाच्या अखेरीस देहान्त शिक्षा झाली.

या मताला शास्त्राचे रूप दिले मुअतझिला पंथाने. वासिल इब्न अता (मृत्यू ७४८) हा त्याचा आद्य पुरुष समजला जातो. बसरा आणि पुढे बगदाद ही या पंथाची केंद्रे होती. ईश्वराचे एकत्व आणि ईश्वराची न्यायबुद्धी हे त्याचे दोन आधारस्तंभ. ईश्वर न्यायी असेल तर ज्या कृत्यांवर माणसाचा ताबा नाही त्यांची शिक्षा तो देणार नाही, म्हणून माणूस स्वतंत्र आहे. ईश्वर खरोखर एक असेल तर त्याच्यासोबत दुसरे काहीही अनादी असू शकत नाही, म्हणून कुराण निर्मित आहे. शिवाय ज्यात विशिष्ट माणसे, विशिष्ट लढाया आणि विशिष्ट प्रश्नांची उत्तरे येतात, ते वचन त्या घटनांच्या आधी अनादि काळापासून कसे असेल, आणि असेल तर घटनांतल्या माणसांना निवडीचे स्वातंत्र्य कोठे उरले? मुअतझिलांचे एकत्व आणि न्याय हे दोन्ही धागे येथे एकत्र येतात. त्यांना नास्तिक किंवा आधुनिक अर्थाने बुद्धिवादी समजणे चूक आहे. ते कमालीचे धर्मनिष्ठ होते. ईश्वराने दिलेली बुद्धी आणि ईश्वराने दिलेला ग्रंथ यांत विरोध असूच शकत नाही, ही त्यांची श्रद्धा होती.

प्रतिपक्षाची भूमिकाही तितकीच गंभीर होती. वाणी हा ईश्वराचा गुण आहे, ज्ञानासारखा. त्याचे ज्ञान निर्माण झालेले नाही, तर वाणी कशी असेल? जे निर्माण होते ते नष्टही होते आणि बदलूही शकते. शिवाय कुराण पठण करणाऱ्या सामान्य मुसलमानाला त्या शब्दांतून ईश्वराचे सान्निध्य लाभते. तो जे उच्चारतो ती आणखी एक निर्मित वस्तू आहे असे म्हटले, की ते सान्निध्य हिरावले जाते. भारतीय वाचकाला येथे मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद आठवेल. सातव्या शतकात कुमारिल भट्ट वेदांचे अपौरुषेयत्व आणि शब्दाचे नित्यत्व मांडत होते, तर नैयायिक शब्दाला अनित्य आणि वेदाला ईश्वरकृत ठरवत होते. भेद असा की मीमांसकांच्या वेदाला कोणी वक्ताच नाही, आणि इस्लाममधील वादाचा सारा भार मात्र बोलणाऱ्या ईश्वरावर आहे.

७५० मध्ये उमय्या घराणे जाऊन अब्बासी सत्तेवर आले आणि ७६२ मध्ये खलिफा मन्सूरने तैग्रिसच्या काठी बगदादचा पाया घातला. या शहरात अरब, इराणी, सीरियाई ख्रिस्ती, ज्यू, हर्रानचे तारापूजक सारे एकत्र आले. कागद बनवण्याची कला मध्य आशियातून आली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. चर्मपत्राच्या मानाने ग्रंथ स्वस्त झाले आणि लेखनिक व पुस्तकविक्रेते यांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. मन्सूरच्याच काळात ७७० च्या सुमारास भारतातून एक ज्योतिष-सिद्धान्त दरबारात पोहोचला आणि त्याचा अरबी अनुवाद झाला. पंचतंत्राच्या पहलवी रूपावरून इब्न अल्-मुकफ्फाने ‘कलीला व दिम्ना’ रचले. चरक आणि सुश्रुत यांच्या संहिता अरबीत गेल्या. ग्रीक वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांचे अनुवाद बहुतांशी सीरियाई ख्रिस्ती विद्वानांनी केले. हुनैन इब्न इसहाक (मृत्यू ८७३) हा त्यांतला अग्रणी. खलिफा मामूनच्या (८१३–८३३) पदरी अल्-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला आणि याच खलिफाने सिंजारच्या मैदानात पृथ्वीच्या एका अंशाची लांबी मोजण्यासाठी खगोलज्ञ पाठवले.

दरबारापासून दूर, मशिदींच्या खांबांशी बसून दुसरी एक विद्या वाढत होती. पैगंबरांची वचने आणि आचार, म्हणजे हदीस, गोळा करण्यासाठी विद्यार्थी मदिनेपासून खुरासानपर्यंत पायपीट करत. कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासली जाई आणि एखादा दुवा अविश्वसनीय ठरला तर वचन बाजूला ठेवले जाई. मदिनेत मालिक (मृत्यू ७९५) आणि पुढे शाफई (मृत्यू ८२०) यांनी धर्मशास्त्राची पद्धत घडवली. हे लोक व्यापारी, कारागीर अशा मध्यम वर्गातले. त्यांच्या शब्दाला किंमत होती ती लोकांच्या विश्वासामुळे. राजाने ती दिली नव्हती आणि तो ती काढूनही घेऊ शकत नव्हता.

मामूनला हे रुचले नाही. भाऊ अमीनशी यादवी करून तो गादीवर आला होता. स्वतः विद्याव्यासंगी असल्याने आपण केवळ राजे नसून समाजाचे इमाम आहोत, ही त्याची धारणा पक्की होती. ८३३ मध्ये बायझंटिन सरहद्दीकडे मोहिमेवर असताना त्याने बगदादचा सुभेदार इसहाक इब्न इब्राहीम याला पत्र लिहिले. सामान्य लोक अज्ञानी आहेत, ते ईश्वर आणि त्याने निर्माण केलेली वस्तू एकाच पातळीवर आणतात, आणि कुराणाला अनादी म्हणताना ईसांना अनादी म्हणणाऱ्या ख्रिस्ती लोकांचेच अनुकरण करतात, असा त्याचा आशय होता. योहानचा पेच शंभर वर्षांनी असा राजपत्रात उतरला. काझी, साक्षीदार आणि हदीसचे विद्वान यांना बोलावून कुराण निर्मित आहे असे त्यांच्याकडून वदवून घ्यावे, असा हुकूम झाला. या चौकशीला ‘मिहना’ म्हणजे कसोटी म्हणतात.

पहिल्या सात विद्वानांना मामूनने स्वतःपुढे बोलावले. त्यांत पैगंबरांच्या सोबत्यांचा मोठा चरित्रकोश लिहिणारे इब्न सअद आणि हदीसचे नामांकित परीक्षक यह्या इब्न मईन होते. सातही जणांनी मान तुकवली. बगदादमध्ये मग इतरांची पाळी आली. धमकी आल्यावर एकेक जण नमत गेला आणि शेवटी अहमद इब्न हन्बल आणि मुहंमद इब्न नूह हे दोघेच उरले. त्यांना बेड्या घालून खलिफाकडे रवाना केले गेले. वाटेत असतानाच मामून मरण पावल्याची बातमी आली. परतीच्या प्रवासात इब्न नूह वारले आणि इब्न हन्बल तुरुंगात पडले.

नवा खलिफा मुअतसिम सैनिकी वृत्तीचा होता. त्याला या वादात स्वतःची गोडी नव्हती, पण भावाची आज्ञा त्याने पुढे चालवली. मुख्य काझी इब्न अबी दुआद आणि इतर मुअतझिली पंडितांनी इब्न हन्बल यांच्याशी वाद घातला. ईश्वर सर्व वस्तूंचा निर्माता आहे असे कुराणच सांगते, मग कुराण ही वस्तू नाही काय, असा त्यांचा सवाल. इब्न हन्बल यांनी दाखवून दिले की कुराणात एका वादळाने सर्व काही नष्ट केल्याचे वर्णन आहे, तरी त्यातून बऱ्याच गोष्टी उरल्या होत्या. ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती संदर्भाने ठरते. त्यांचे मुख्य म्हणणे मात्र एकच राहिले: ग्रंथातून किंवा पैगंबरांच्या वचनातून आधार दाखवा, मी मान्य करीन. तर्काने काढलेला निष्कर्ष श्रद्धेचे कलम म्हणून लादण्याचा अधिकार त्यांनी कोणालाच दिला नाही. अखेर त्यांना फटके मारण्यात आले. शुद्ध हरपल्यावर त्यांना सोडले असे त्यांचे अनुयायी सांगतात, तर त्यांनी शेवटी होकार दिला असे जाहिझ या मुअतझिली लेखकाने लिहिले आहे. काहीही असो, बगदादच्या जनतेने त्यांना विजयी मानले.

मुअतसिमनंतर आलेल्या वासिकच्या कारकिर्दीत (८४२–८४७) दडपशाही वाढली. शाफई यांचे शिष्य बुवैती बेड्यांतच वारले. ८४६ मध्ये अहमद इब्न नस्र या प्रतिष्ठित नागरिकाचा खलिफाने दरबारात शिरच्छेद केला. बायझंटिन लोकांशी कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा सुटून येणाऱ्या मुसलमान कैद्यांनाही सरहद्दीवर हाच प्रश्न विचारला गेला आणि अपेक्षित उत्तर न देणाऱ्यांना सोडवून घेण्यास नकार दिला गेला. ईश्वराच्या न्यायबुद्धीवर आणि माणसाच्या स्वातंत्र्यावर उभ्या असलेल्या विचाराच्या नावाने हे घडावे, ही या प्रकरणातली सर्वांत वेदनादायक बाब आहे. मुअतझिलांनी माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले आणि राजदंडाच्या आधाराने तेच हिरावून घेतले. त्यांच्या तर्कातले बळ खरे होते. पण ज्या मताच्या मागे फटके असतात ते तपासून पाहण्याची मोकळीकच कोणाला उरत नाही, आणि त्या मताची बदनामी मात्र कायम राहते.

८४७ मध्ये मुतवक्किल गादीवर आला. त्याने या विषयावरील वादाला बंदी घातली, हळूहळू कैदी सोडले आणि इब्न अबी दुआदच्या घराण्याला पदच्युत केले. इब्न हन्बल यांनी राजाश्रय यानंतरही टाळला. दरबारातून आलेले धन त्यांना नको असे. ८५५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला बगदादमध्ये अफाट गर्दी लोटली होती. यानंतर कोणत्याही अब्बासी खलिफाने स्वतःच्या अधिकारात श्रद्धेचा नवा सिद्धान्त ठरवून तो विद्वानांवर लादण्याचा असा प्रयत्न केला नाही. राज्य खलिफाचे, शरियतचा अर्थ उलेमांचा, म्हणजे विद्वानांचा, ही विभागणी रूढ झाली. इस्लाममध्ये धर्मपीठ किंवा पुरोहितांची उतरंड निर्माण झाली नाही, आणि तरीही हजारो मैलांवर एकसारखे धर्मशास्त्र टिकले, त्याचे कारण या विभागणीत आहे.

दूरच्या किनाऱ्यांवर ही विभागणी स्पष्ट दिसते. मसऊदी हा प्रवासी ९१६ च्या सुमारास कोकणातल्या सैमूर, म्हणजे चौल येथे आला, तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले. त्यांचे अंतर्गत तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवत असे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटानुसार संजाणचा कारभार राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या वतीने मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब अधिकारी पाहत होता, आणि त्या ताम्रपटात एका मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे. येथे खलिफाची सत्ता कधीच नव्हती. व्यापाऱ्यांसोबत धर्मशास्त्र आले होते आणि तेवढे पुरेसे होते.

मूळ प्रश्न मात्र मिहनेने सुटला नाही. इब्न हन्बल यांच्या अनुयायांपैकी काहींनी उच्चारालाही निर्मित म्हणण्यास हरकत घेतली, आणि हदीसचे सर्वश्रेष्ठ संकलक बुखारी (मृत्यू ८७०) यांच्यावर याच मुद्द्यावरून निशापूर सोडण्याची वेळ आली. मुअतझिलांच्या तालमीत वाढलेले अबुल हसन अश्अरी (मृत्यू ९३५–३६) यांनी आपला पंथ सोडला, पण त्याची तर्कपद्धती सोबत नेली. ईश्वराच्या ठायी असलेला वाणीचा अर्थ अनादी. जो आवाज कानांनी ऐकू येतो, जी अक्षरे शाईने लिहिली जातात, ती निर्मित, अशी मांडणी त्यांच्या परंपरेत स्थिर झाली. समरकंदचे मातुरीदी (मृत्यू ९४४) जवळपास याच निष्कर्षाला आले. सुन्नी जगाच्या मोठ्या भागाने या दोघांचा मार्ग स्वीकारला, तर हन्बली परंपरेला तो अखेरपर्यंत पटला नाही.

मुअतझिला पंथ पुढेही काही शतके टिकला. रय येथील काझी अब्द अल्-जब्बार (मृत्यू १०२५) यांनी त्याचे सर्वांत विस्तृत विवेचन केले. कुराणाच्या निर्मितीचे मत ओमानमधील इबाझी विद्वानांनी जपले आणि येमेनच्या झैदी शियांनी मुअतझिलांचे बरेचसे विचार आपल्या शास्त्रात सामावून घेतले. झैदी ग्रंथालयांमुळेच अब्द अल्-जब्बार यांचा बहुखंडी ग्रंथ ‘अल्-मुघ्नी’ नाश पावण्यापासून वाचला. विसाव्या शतकाच्या मध्यास येमेनमध्ये त्याची हस्तलिखिते हाती आली आणि कैरोत ती छापली गेली. तोवर मुअतझिलांची मते प्रामुख्याने त्यांच्या विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांवरूनच अभ्यासली जात होती.